तिसरा पिक्चर भुताचा

आमच्या पोंभुर्ण्यात गणपतीच्या दहा दिवसांपैकी एक रात्र व्हिडिओची असे. ही १९८६-८७ची गोष्ट. गावात टीव्ही मोजके, व्हीसीआर एकही नाही. वर्गणीतून पैसे बाजूला काढून चंद्रपूरहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा. यंत्रांबरोबर एक माणूस येई. तो गावातच जेवे आणि रात्रभर व्हीसीआरला खेटून खुर्ची टाकून बसे. दुसऱ्या कुणाला बटणाला हात लावू देत नसे. एका रात्रीत तीन पिक्चर. पहिला देवाचा, दुसरा अमिताभचा, तिसरा भुताचा. हा क्रम कुणी घालून दिला कोण जाणे, पण तो पूजेच्या क्रमासारखा पाळला जाई. 'जय संतोषी माँ'ला म्हाताऱ्या बायका पुढच्या सतरंजीवर, अमिताभला सगळे गाव, आणि साडेबाराच्या सुमारास माइकवरून सूचना होई : 'आता लहान मुलांनी घरी जावे, पुढचा पिक्चर भुताचा आहे.' सूचना झाली की लहान मुले जागा तेवढी बदलत. पुढची मागे सरकत, मागची कुणाच्या तरी घोंगडीखाली शिरत. घरी कुणीच जात नसे.

'पुराना मंदिर' मी असा घोंगडीखालून पाहिला. ज्यांनी तो पाहिलेला नाही (आणि अशा वाचकांनी आपण चांगल्या घरातले आहोत असे मानायला हरकत नाही) त्यांच्यासाठी सांगतो. एका ठाकूर घराण्याला शाप आहे. त्या घरातल्या बायका बाळंतपणात मरतात. शाप दिला आहे सामरी नावाच्या सैतानाने. त्याचे मुंडके एका पेटीत बंद आहे, धड दुसरीकडे पुरले आहे. दोन्ही एकत्र आले की संपले. शहरातली तरुण मंडळी हवेलीवर मुक्कामाला येतात. आता पेटी कोण उघडणार आणि कधी उघडणार, एवढाच काय तो प्रश्न. मधेच जगदीपचे 'शोले'ची नक्कल करणारे एक उपकथानक येते. त्याचा मूळ कथेशी काहीही संबंध नाही. आम्हाला ते फार आवडे, कारण तेवढा वेळ घोंगडीतून तोंड बाहेर काढून श्वास घेता येई.

आणि नेमकी पेटी उघडायच्या वेळी लाईट गेली. पिक्चरमधल्या कुठल्याही प्रसंगाला झाला नसेल एवढा आरडाओरडा त्या अंधारात झाला. कुणीतरी कुणाचा तरी पाय धरला. व्हीसीआरवाल्याने शांतपणे बॅटरी लावली, आणि ती नेमकी खालून त्याच्याच तोंडावर पडली. पुढच्या दोन रांगा उठून पळाल्या. लाईट तासाभराने आली. तोवर एकही माणूस मांडव सोडून गेला नव्हता, कारण अंधारात एकट्याने घरी जायला कुणाची छाती नव्हती.

खरी मजा तर पिक्चर संपल्यावर असे. पहाटे तीन-साडेतीनला आम्ही चार-पाच पोट्टे एकमेकांचे हात धरून, मोठमोठ्याने गाणी म्हणत घराकडे निघायचो. वाटेत ज्याला जे ठाऊक ते तो सांगे. नदीकडच्या चिंचेवर काय आहे. जंगलात चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या झाडाभोवती कसा फिरत राहतो. आणि हमखास शेवटी यायचा तो बिनड्रायव्हरचा ट्रक. कोठारीच्या बाजूच्या जंगलातून पहाटे बांबूने भरलेला एक ट्रक येतो. दिवे चालू, इंजिन चालू, केबिनमध्ये कुणी नाही. पलीकडच्या एका गावातल्या म्हाताऱ्याने तो प्रत्यक्ष पाहिला होता. त्याच्या बंडीला उडवून तो ट्रक तसाच निघून गेला. एक बैल जागीच मेला, म्हाताऱ्याचा पाय मोडला. हा म्हातारा काही कल्पनेतला नव्हता. बाजाराच्या दिवशी कुबडी घेऊन येताना आम्ही त्याला पाहत असू. म्हणजे पुरावाच! सामरीपेक्षा मला त्या ट्रकची भीती जास्त वाटे. सामरी तिकडे लांब हवेलीत होता, ट्रक आमच्या रस्त्यावर होता.

या भुताच्या पिक्चरांना सुशिक्षित घरांत फार नाके मुरडली गेली. पण ते ज्या घरातून आले त्या घराची हकीगत त्या पिक्चरांपेक्षा रंजक आहे. फत्तेचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांना नाव उच्चारता येईना म्हणून रामसिंघानीचे 'रॅम्से' झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले, आणि वडिलांना सिनेमा काढायची हौस लागली. १९७०मध्ये त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आला आणि पडला. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला येतात. तुलसी आणि श्याम या दोन मुलांच्या लक्षात आले की लोक त्या एका प्रसंगाला दचकतात, आणि काही जण तर तेवढ्यासाठीच येतात. त्यांनी वडिलांना म्हटले, मग सगळा पिक्चरच असा का काढू नये?

सात भाऊ. एकाने लिहायचे, एकाने कॅमेरा धरायचा, एकाने आवाज सांभाळायचा, एकाने संकलन करायचे, दोघांनी दिग्दर्शन. १९७२चा 'दो गज जमीन के नीचे' काढायला हे कुटुंब बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेले आणि सरकारी विश्रामगृहात उतरले. घरातल्या बायका बरोबर होत्या, स्वयंपाक त्यांचाच. पिक्चर चालला. पुढे 'दरवाजा', 'होटल', मग १९८४चा 'पुराना मंदिर', १९८८चा 'वीराना', १९९०चा 'बंद दरवाजा'. सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल हा उंचाडा गृहस्थ रुरकीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला. तो पुढे 'बँडिट क्वीन'मध्येही दिसला. १९९३मध्ये 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि तिसरा पिक्चर मांडवातून थेट दिवाणखान्यात आला. तुलसी रॅम्से २०१८मध्ये गेले, श्याम २०१९मध्ये. मुंबईच्या मोठ्या चित्रपटगृहांनी त्यांना फारसे जवळ केले नाही. त्यांचा प्रेक्षक होता छोट्या गावांत. आमच्यासारख्या, जिथे स्वतःचे थिएटर नव्हते अशा ठिकाणी तर मांडवातही होता.

आता कुणी म्हणेल, त्यात भ्यायचे ते काय? मुखवटा रबराचा आहे हे शेंबड्या पोरालाही कळते. धुके यंत्रातून सोडलेले, हवेली प्रत्येक वेळी तीच, रक्ताचा रंग लग्नातल्या सरबतासारखा. सगळे खरे. पण आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला हा आक्षेप समजतच नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचा हंगाम सुरू होतो. गावोगाव रात्रभराची नाटके लागतात. वडशाच्या कंपन्या येतात, पडदा येतो, ऑर्गन येतो. वाडा पडद्यावर रंगवलेला असतो आणि वाऱ्याने हलतो. समोरच्या कडाक्याच्या थंडीत बसलेली बाई त्या हलणाऱ्या वाड्यातल्या सुनेचे हाल पाहून पदराने डोळे पुसते. वाडा कापडाचा आहे हे तिला कळत नाही असे कुणी समजू नये. नाटकाआधी दुपारी मांडव ठोकताना तिच्याच घरच्यांनी त्या पडद्याची दोरी ओढलेली असते. खोटे कुठले आणि आपण भर कुठे घालायची, हे तिला नीट ठाऊक असते. पैसे नसलेल्या पिक्चरमध्ये ही भर घालायला जागा फार असते. 'वीराना'त मोकळा अंधार आहे, करकरणारे दार आहे, लांबून येणारा कोल्ह्याचा आवाज आहे. उरलेले आमच्या डोक्यात होते. आता कोट्यवधी रुपये ओतून भुताच्या अंगावरची शीर न् शीर काढून दाखवतात. आमच्या घरची मुले ते पाहताना मोबाईलवर दुसरेच काहीतरी बघत असतात.

एका आक्षेपाला मात्र उत्तर द्यायला हवे, कारण तो आमच्या जिल्ह्यात उगाच घेतला जात नाही. ऑगस्ट २०२१मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी (खुर्द) गावात जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना, बायकांनाही, खांबाला बांधून मारले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३मध्ये झाला होता, त्यानंतरची ही गोष्ट. मग असले पिक्चर म्हणजे त्याच आगीत तेल नव्हे काय? मी शिक्षकी पेशातला माणूस, हा प्रश्न मला वर्गात आणि घरी दोन्हीकडे विचारला गेला आहे. माझे मत असे की शेजारच्या म्हातारीला चेटकीण ठरवणारा माणूस ते रॅम्सेंकडून शिकत नाही. त्याला ते फार जुन्या ठिकाणाहून आलेले असते, आणि बऱ्याचदा त्याच्या पोटात धुऱ्याचे नाही तर भाऊबंदकीचे भांडण असते. पण रॅम्सेंना मी सरळ सोडणार नाही. त्यांच्या पिक्चरमध्ये डॉक्टर नेहमी मूर्ख निघतो आणि मांत्रिक नेहमी खरा. एवढी एक खोड त्यांनी टाळली असती तर त्यांचे भूत कमी भीतिदायक झाले नसते. मांडवात बसून सगळ्यांनी मिळून भ्यायचे आणि सकाळी हसायचे, इथवर ठीक. सकाळी हसू आले नाही की समजावे, गडबड आहे.

आमच्या घरी सकाळी हसणारा पहिला माणूस म्हणजे बाबा.

बाबा ट्रक चालवत. मालक चंद्रपूरचा, गाडी टाटाची. त्या काळी आमच्याकडच्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जाई. पावसाळा संपला की तोड सुरू, उन्हाळ्यात वाहतुकीची घाई, आणि पाऊस पडून जंगलातले रस्ते चिखलात गेले की सगळे बंद. म्हणून गणपतीत बाबा घरी असत. तिसऱ्या पिक्चरला ते मांडवाच्या मागे बांबूला टेकून उभे राहत आणि सामरी आला की मोठ्याने हसत. 'भूत ट्रकले भेते,' असे त्यांचे म्हणणे. वीस-वीस वर्षे रात्री जंगलातून गाडी हाकली, एकही दिसले नाही. तरीही त्यांच्या बंपरला काळी बाहुली होती, दर शनिवारी लिंबू-मिरची बदलली जाई. मी विचारले तर म्हणत, 'ते भुतासाठी नाई बाबू, ते मालकासाठी.'

आमच्या भागात माणूस रात्री कशाला भितो, याचे खरे उत्तर द्यायचे तर पूर्वीपासून दोनच गोष्टी आहेत, वाघ आणि ट्रक. वाघाची बातमी होते. ट्रकाची तेवढी होत नाही, झालीच तर आतल्या पानावर चार ओळी. आधी बांबूचे आणि सागवानाचे ट्रक, मग कोळशाचे. गेल्या काही वर्षांत आष्टी-आलापल्लीकडे सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आले. रस्त्यांची चाळण झाली, अपघात झाले, लोक रस्त्यावर बसले. सायकलवरच्या किंवा बंडीतल्या माणसाला मागून दोन दिवे येताना दिसतात. ते दिवे कुणाचे हे त्याला कधीच कळत नाही.

वाहनच खुनी आहे अशा पिक्चरांचा एक सबंध प्रकार अमेरिकेत आहे, हे मला फार उशिरा समजले. नोकरीला लागल्यावर, केबल टीव्ही घरी आल्यावर. १९७७चा 'द कार' पाहिला. एक काळी मोटार वाळवंटातल्या गावात येते आणि माणसे चिरडत सुटते. आत कुणीही नाही. ती मोटार स्मशानभूमीत मात्र शिरू शकत नाही, जमीन पवित्र आहे म्हणून. हे पाहिल्यावर मला आपल्याकडच्या वेशीची आणि मारुतीची आठवण झाली. १९७४चा 'किलडोझर' आहे. त्यात उल्केतून आलेली काहीतरी शक्ती बुलडोझरमध्ये शिरते. बुलडोझर इतका संथ की माणूस चालत निघाला तरी सुटावा, पण कुणी चालत निघतच नाही! १९८३चा 'क्रिस्टीन' त्यामानाने श्रीमंत. त्यातली लाल प्लायमथ मोटार आपल्या मालकावर बायकोसारखा हक्क गाजवते. स्टीफन किंग या लेखकाची ती कथा. त्याच गृहस्थाने १९८६मध्ये स्वतः दिग्दर्शन करून 'मॅक्सिमम ओव्हरड्राइव्ह' काढला. जगातले सगळे ट्रक माणसांवर उलटतात. तो पिक्चर वाईट आहे. मी दोनदा पाहिला.

आपल्याकडे या प्रकाराने मूळ धरले नाही, आणि का धरले नाही हे पाहायचे असेल तर २००४चा 'टारझन : द वंडर कार' पाहावा. त्यात मोटार खून करते, पण कुणाचे? ज्यांनी नायकाच्या बापाला मारले त्यांचे. बापाचा जीवच मोटारीत शिरलेला आहे. ती मोटार मुलाला सांभाळते, सुनेलाही पसंत करते. आपल्याकडे भुताला कारण लागते. कुणी शाप दिलेला असतो, कुणाची जमीन लाटलेली असते, कुणी विहिरीत ढकललेली असते. सामरीचीसुद्धा वंशावळ आहे. कारण सापडले की उतारा सापडतो, आणि उतारा सापडला की घरी जाऊन झोपता येते. तिकडच्या मोटारी मात्र बहुतेक वेळा उगाचच मारतात. मला वाटते, आपल्या लोकांना तेच पचत नाही.

त्यातला सर्वांत उगाच मारणारा म्हणजे 'ड्यूएल'मधला ट्रक. १३ नोव्हेंबर १९७१ रोजी हा पिक्चर अमेरिकेत टीव्हीवर दाखवला गेला. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, वय वर्षे चोवीस. टीव्हीसाठीचे तुटपुंजे बजेट, चित्रीकरण जेमतेम दोन आठवड्यांत उरकलेले. गोष्ट एका वाक्याची : लाल मोटारीतला एक साधा विक्रेता वाटेत एका जुनाट टँकरला मागे टाकतो, आणि तो टँकर त्याला मारायला मागे लागतो. का, ते शेवटपर्यंत सांगितलेले नाही. ड्रायव्हरचे तोंड शेवटपर्यंत दिसत नाही. ही कथा लिहिणारे रिचर्ड मॅथेसन यांना ती सुचली ती प्रत्यक्ष रस्त्यावर. २२ नोव्हेंबर १९६३, केनेडींचा खून झाला तो दिवस. गोल्फ अर्ध्यावर टाकून ते मित्राबरोबर घरी निघाले होते आणि एक ट्रक त्यांच्या मागे लागला. जीव वाचला. ट्रक कुणाचा होता ते अर्थातच कळले नाही.

'ड्यूएल'ची तबकडी मी २००८च्या पावसाळ्यात नागपूरहून आणली. बाबांनी गाडी सोडून बरीच वर्षे झाली होती. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण या पिक्चरमध्ये बोलणे फार थोडे आहे, आणि ट्रक तर सगळ्यांच्याच भाषेत बोलतो. वाटले, त्यांना मजा येईल.

आली. पहिला अर्धा तास त्यांनी मला पिक्चर पाहू दिला नाही, स्वतःच सांगत राहिले. टँकर रिकामा दिसतो, भरलेला असता तर वळणावर असा धावला नसता. पेट्रोल पंपावरचा पोरगा मोटारीचे बॉनेट उघडून काहीतरी म्हणतो. बाबांनी विचारले, काय म्हणतो? मी सांगितले, रेडिएटरचा पाइप बदला म्हणतो. 'मग बदलव ना रे बाबा,' ते पडद्यावरच्या माणसाला म्हणाले, 'घाटात रडशील.' आणि पुढे घाटात गाडी तापते तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. ट्रकच्या समोर बऱ्याच नंबरपाट्या ठोकलेल्या आहेत, हे मला दुसऱ्यांदा पाहताना दिसले होते; त्यांना पहिल्याच वेळी दिसले. 'एवढ्या गाड्या खाल्ल्या यानं,' ते म्हणाले.

मग तो प्रसंग आला. ट्रकमधून एक हात बाहेर येतो आणि मागच्या मोटारीला खूण करतो, जा पुढे. विक्रेता पुढे काढतो आणि समोरून दुसरी गाडी येते. थोडक्यात वाचतो. बाबा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, 'बंद कर.'

मला वाटले, कंटाळले. मी पिक्चर थांबवला. आई आत तांदूळ निवडत होती, तिने डोकावून पाहिले आणि परत गेली. बाबा म्हणाले, 'त्याचं तोंड काहून दाखवत नाई?'

मी शिक्षकाच्या सुरात सांगू लागलो की तोंड दिसले तर भीती कमी होते, न दिसल्यामुळे आपण ट्रकलाच जिवंत समजतो, दिग्दर्शकाची हीच तर...

'झोपला असन तो,' बाबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितले. सलग सांगितले नाही, मधे मधे थांबून. साल १९७७, मे महिना. पाऊस यायच्या आत डेपोतला माल उचलायचा होता, मालकाची घाई, फेरीमागे पैसे. तीन रात्री झाल्या होत्या. क्लीनर पोरगा तापाने आजारी म्हणून त्या फेरीला बरोबर नव्हता. पहाटे, कोठारीच्या बाजूने येताना, त्यांचे डोके स्टिअरिंगवर कलंडले. किती वेळ, ते त्यांना ठाऊक नाही. धक्का बसला तेव्हा जाग आली. आरशात पाहिले तर मागे रस्त्यावर बंडी आडवी आणि काहीतरी हलताना दिसले. 'मले वाटलं उतरावं. मग वाटलं गाववाले येतीन, जित्ता सोडणार नाई.' पाय ब्रेकवर होता. तो त्यांनी उचलला.

म्हातारा तिथे पडल्या पडल्या वर पाहत होता. दिवे, इंजिन, केबिन. केबिनमध्ये कुणी नव्हते, कारण जो होता तो स्टिअरिंगवर पडलेला होता. शुद्धीवर आल्यावर त्याने लोकांना जे दिसले ते सांगितले.

म्हणजे मी दहा वर्षांचा असताना ज्या ट्रकच्या भीतीने रात्री उठून आईच्या अंथरुणात जात होतो, तो ट्रक दिवसा आमच्या घरासमोर उभा असे. मी त्याच्या टपावर चढून खेळत असे. बाबांनी ती भुताची गोष्ट शंभरदा तरी ऐकली असेल. पानठेल्यावर, मांडवात, माझ्या तोंडून. ते कधी हसले नाहीत, हे मला तेव्हा आठवले. बाकी सगळ्या भुतांना हसत.

मी विचारले, 'मग तुम्ही काही केलं नाही?'

'काय करतो? चौकशी कोणी केलीच नाई. भुतावर केस होते का?' थोडे थांबून म्हणाले, 'बाजारात दिसे तो. मी गल्ली बदलवत होतो.'

तो म्हातारा १९९५च्या सुमारास वारला. त्याच्या घरच्यांना आजही बहुधा तीच गोष्ट ठाऊक आहे. त्या घरी जाऊन काही सांगावे की सांगू नये, याचा निर्णय बाबांनी केला नाही आणि ते २०१४मध्ये गेल्यानंतर तो माझ्याकडे आला. मी अजून गेलेलो नाही. त्या गावात माझे दोन विद्यार्थी आहेत. त्यांच्यातल्या एकाने मागच्या वर्षी मला बिनड्रायव्हरच्या ट्रकची गोष्ट सांगितली. त्यात आता ट्रकला नंबरही नाही आणि तो अमावास्येलाच येतो.

त्या दिवशी मात्र बाबांनी पाणी मागितले, पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, लाव पुढचा. आम्ही शेवटपर्यंत पाहिला. शेवटी टँकर दरीत जातो. कोसळतो तो फार हळू, मोठ्या जनावरासारखा आवाज करत. विक्रेता काठावर बसून दगड फेकत राहतो, सूर्य मावळतो, संपते.

बाबा पडद्याकडे पाहत बसले होते. नावे वर सरकायला लागली.

'संपला?'

'संपला.'

'हात दाखवला. बूट दाखवले,' ते म्हणाले. 'तोंड दाखवाले पाहिजे होतं.'

मग उठून ते बाहेर ओसरीवर जाऊन बसले. रस्त्यावरून ट्रक गेला की मान वर करून आत कोण बसले आहे ते पाहायची त्यांची सवय होती. ती जुनीच. त्या दिवसापर्यंत मला वाटत असे, ते ओळखीचा ड्रायव्हर शोधत आहेत.